फा म्हणजे नको

सूर चुकला की साळवे काका उठून बेसिनपाशी जायचे आणि चूळ भरून यायचे. हे ते गंमत म्हणून करत नसत. नासकं दूध तोंडात गेल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा व्हायचा, आणि चूळ भरल्याशिवाय त्यांना पुढे बोलता यायचं नाही. गिटार शिकायला मी त्यांच्याकडे गेले त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यामुळे इतक्या चुळा भरल्या की या माणसाला पोटाचं काहीतरी दुखणं असावं असं मला वाटलं.

किळस मलाही यायची, त्यांची. उजव्या हाताची नखं त्यांनी तारा छेडण्यासाठी वाढवली होती. जाड, पिवळी, हिवाळ्यात चिरा पडलेली. बोलता बोलता ते कपाटाची किल्ली कानात घालून मळ काढायचे, बोटावर घेऊन उजेडात बघायचे आणि पायजम्याला पुसायचे. वर म्हणायचे, "कान साफ पाहिजे. बाकी सगळं नंतर." चहा देताना त्यांचा अंगठा हमखास कपात बुडालेला असे. तो चहा मी त्यांची पाठ वळली की बाल्कनीतल्या कुंडीत ओतायचे, आणि तरी पुढच्या शनिवारी परत जायचे. कारण ते शिकवत होते तसं शिकवणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं.

शमुवेल साळवे मूळचे नगरचे. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील चर्चमध्ये गाणाऱ्यांचे म्होरके. काका सरकारी नोकरीत दिल्लीला आले, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार केला आणि रिटायर झाल्यावर मयूर विहारला आमच्या सोसायटीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिले. मी समोरच्या बिल्डिंगमध्ये. मिनिस्ट्रीतली नोकरी, मेट्रोची ये-जा, आणि मोबाइलवर बघून बघून शिकलेली थोडीशी गिटार, एवढ्या भांडवलावर मी त्यांच्या दारात उभी राहिले होते.

पहिल्याच दिवशी मी फोन समोर ठेवून एक गाणं वाजवलं. फोनवर आकडे असतात, कोणती तार कितव्या पट्टीवर दाबायची त्याचे. काकांनी अर्ध्यात थांबवलं.

"कुणाला फोन लावतेस?"

"म्हणजे?"

"आकडे बघून दाबत होतीस म्हणून विचारलं. उचलला का त्याने?" मग चूळ भरून आले आणि म्हणाले, "गाऊन दाखव."

"मला गाता येत नाही, काका."

"मग बोटांना कोण सांगणार? तोंडात नाही ते बोटात कुठून येईल?"

त्यांची रीत साधी आणि छळणारी होती. गाणं ऐकायचं. ते कुठे येऊन टेकतं, कुठे आल्यावर आता घरी पोचलो असं वाटतं, ते शोधायचं. तो सा. मग बाकीचे सूर त्या घरापासून किती लांब राहतात ते तोंडाने म्हणत जायचं, सा-रे-ग करत, आणि सगळी चाल तोंडात बसली की मगच गिटार उचलायची. तीही एकाच तारेवर, पट्टीकडे न बघता. गिटारला हात न लावता माझे कित्येक शनिवार गेले. खालून भाजीवाला ओरडला की काका म्हणायचे, "सांग." मी सा-रे-ग मध्ये त्याची हाक म्हणून दाखवायची. कुणाचा हॉर्न, कुणाच्या फोनची रिंग, शेजारच्या एअर प्युरिफायरची घरघर, सगळ्याला "सांग."

वर्षभरात माझा कान खरोखर उघडला, आणि त्याचं सुख कमी, त्रासच जास्त झाला. ऑफिसात केक कापताना बाराजण बारा ठिकाणी सा धरून गायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मी काकांकडे तक्रार केली तर ते पहिल्यांदा माझ्यावर खूश झाले. "येते ना किळस? बरं झालं. कान काम करायला लागला तुझा."

सुमतीकाकू या सगळ्यात आतल्या खोलीतून भाग घ्यायच्या. त्याही चर्चमध्ये गायलेल्या, पण त्यांचं शिक्षण डो-रे-मीचं. काका म्हणायचे सा, की आतून यायचं, "डो." काका म्हणायचे ग, की आतून, "मी." "एकच आहे गं ते," काका मला सांगायचे, "डो म्हणजे सा, मी म्हणजे ग, फा म्हणजे म. तिला फक्त माझं खोडायचं असतं."

मग एका सकाळी काकूंना पॅरालिसिसचा झटका आला. हॉस्पिटलमधून त्या घरी आल्या तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि शब्द सगळे गेले होते. नवऱ्याचं नावसुद्धा. त्या खोलीत जायचं माझ्या जिवावर यायचं. डेटॉल, लघवी आणि शिळ्या खिमटाचा मिळून एक वास दारातच अंगावर यायचा. काकूंच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत असायची आणि काका ती आपल्या त्या पिवळ्या नखांच्या बोटांनी पुसून घ्यायचे, सवयीने, बोलणं न थांबवता. नुसता सूर चुकला तरी किळस येणाऱ्या या माणसाला त्या खोलीत कशाचीच येत नव्हती. मला येत होती. मी नाकाने श्वास घेणं बंद करायचे.

एका शनिवारी मी वाजवत असताना आतून काकूंचा आवाज आला. काकांनी माझा हात धरला.

"काय म्हणाली?"

"कण्हल्या बहुतेक."

"कण्हणं नाही ते. सांग."

मी आठवून म्हटलं. दोन सूर होते, वरून खाली उतरणारे. "प-ग."

"तिच्या भाषेत सो-मी," काका म्हणाले. त्यांनी तेच दोन सूर गिटारवर वाजवले. आतून पुन्हा तेच आले, या वेळी अक्षरांसकट: सो, मी. काका आत गेले. बराच वेळ त्यांच्या हालचालीचे आवाज येत राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "कूस बदलून हवी होती," ते म्हणाले. "महिनाभर ती हाक मारतेय आणि मी औषध पाजतोय."

त्यानंतर त्यांना आणखी एक सापडलं. खिमट नको असलं की काकू फा लावून धरायच्या. "फा वर कुणी थांबतं का?" काका मला समजावत होते. "तिथून खाली 'मी'वर यावं लागतं, तेव्हा बरं वाटतं. ती उतरत नाही. अडून बसते. म्हणजे नको." संध्याकाळी ते गिटार घेऊन काकूंच्या पलंगाशी बसायचे. त्यांनी चर्चमधल्या जुन्या चाली वाजवायच्या, काकूंनी जमेल तेवढं डो-रे-मी म्हणायचं. माझ्या शिकवणीचा वेळ त्यात जायला लागला.

त्यांचा मुलगा नितीन गुडगावला असतो. रविवारी यायचा, फळं आणायचा. दिल्लीतच वाढलेला, मराठी अर्धी हिंदीत. मनाने वाईट नाही. त्याने एका रविवारी आईबाबांच्या त्या वाजवण्या-गाण्याचा व्हिडिओ काढला आणि टाकला. तो इतका पसरला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या लोकांनी मला तो पाठवला.

पुढच्या रविवारी मी तिथेच होते. नितीनने फोन काकांसमोर धरला. "बाबा, बघा ना. लोक रडतायत यार. कमेंट्स वाचा. बिल्कुल अनजान लोक."

व्हिडिओत काकूंचा चेहरा अगदी जवळून होता. लाळेचा धागा हनुवटीपर्यंत आलेला. मागे काका वाजवत होते. खाली नितीनने दुःखी पियानो जोडला होता, काकांच्या गिटारीचा सा एक, पियानोचा दुसराच. वर हिंदीत लिहिलं होतं, 'बोल गए, सुर रह गए.' काकांनी एकदा बघितला. म्हणाले, "परत लाव." आणि डोळे मिटून ऐकला.

"ती गात नाहीये," ते म्हणाले.

"गातेय ना, बाबा."

"फा लावलाय तिने. पहिल्यापासून शेवटपर्यंत फा." त्यांचा आवाज खाली आला. "तुला नको म्हणत होती ती. तुझ्या फोनला. मला वाटलं, ही चाल नको असेल. मी चाली बदलत बसलो."

नितीनला ते पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने फोन खाली घेतला. काका उठून बेसिनपाशी गेले आणि या वेळी खरोखरच ओकले.

"मी डिलीट करतो, बाबा," नितीन म्हणाला. त्याने केलाही. "पण लोकांनी शेअर केलंय. आता ते माझ्या हातात नाहीये. मी काही गलत करायचं म्हणून नव्हतं केलं."

"माहीत आहे," काका तोंड पुसत म्हणाले. "त्याचीच जास्त किळस येते."

त्यानंतर जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. लोक यायला लागले. सोसायटीतल्या बायका झेंडूचे हार घेऊन, कुठला तरी एक पोरगेला माणूस गोल दिवा लावलेला स्टँड घेऊन. "आंटीजी, बस एक लाइन," असं म्हणत एकीने काकूंच्या तोंडाशी फोन नेला. काकूंनी फा लावला. ती बाई टाळ्या वाजवत म्हणाली, "कितना मीठा." काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, पण काकूंनी त्या दिवसापासून तोंड मिटलं. कूस बदलायलाही हाक नाही, खिमटालाही नकार नाही. पुढे केलं ते गिळायच्या. काका रोज संध्याकाळी सो-मी वाजवायचे आणि थांबायचे. आतून काही येत नसे. फोन माझ्याजवळही असायचा, मी तो घरी ठेवून जायला लागले.

असा सगळा उन्हाळा गेला, पाऊस गेला. दिवाळीनंतर हवा इतकी घाण झाली की खिडक्या बंद करून बसावं लागायचं आणि त्या खोलीतला वास आणखी दाट व्हायचा. अशाच एका शनिवारी काका म्हणाले, "आज आत बसून वाजव. मला थकवा आलाय." मी पलंगाच्या पायथ्याशी बसले. चर्चमधली एक चाल नुकतीच त्यांनी मला ऐकवून बसवून घेतली होती. वासाने माझं लक्ष लागत नव्हतं. तिसऱ्या ओळीत ग यायचा तिथे मी रे दाबला.

काकूंनी तोंड वाकडं केलं. अर्धाच चेहरा वाकडा झाला, कारण अर्धाच हलत होता, पण चेहरा ओळखीचा होता. नासकं दूध तोंडात गेल्यासारखा. घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "मी."

मी काकांकडे बघितलं. ते जागचे हलले नाहीत. फक्त हळूच म्हणाले, "तीच चूक पुन्हा कर."

मी पुन्हा रे दाबला.

"मी," काकू म्हणाल्या, चांगल्या चिडून. आणि मला ते जमणार नाही असं ठरवून त्यांनी उरलेली ओळ स्वतःच डो-रे-मीत पुरी केली, लाळ गळत, शेवटच्या डो पर्यंत. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्या दोन महिने होत्या. बोलत होत्या, म्हणजे त्यांचं ते बोलणं. जानेवारीत छातीत कफ भरला आणि गेल्या. दफनाच्या वेळी धुकं होतं. नितीनने फोन गाडीत ठेवला होता. जमलेल्यांनी गीत सुरू केलं ते प्रत्येकाने आपापल्या सुरात. मी काकांकडे बघत होते. त्यांनी कसलाही चेहरा केला नाही.

पुढच्या महिन्यात ते नगरला बहिणीकडे कायमचे राहायला निघाले. निजामुद्दीन स्टेशनवर नितीन आणि मी पोचवायला गेलो. नितीन पाण्याची बाटली आणायला उतरला. मी काकांजवळ बसले. समोरच्या बर्थवरचा माणूस फोनवर एकामागून एक व्हिडिओ मोठ्या आवाजात लावत होता. चिरका, फाटका आवाज, प्रत्येक वेळी नवा सा. मी वाट बघत होते की काका आता काहीतरी बोलतील, निदान तोंड वाकडं करतील. ते गिटारीच्या पेटीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना ते ऐकूच येत नव्हतं, किंवा येत असून काही वाटत नव्हतं. आजवर त्यांच्या नखांची, त्या खोलीची, त्या लोकांची मला जेवढी शिसारी आली होती, त्याहून ते बघणं मला असह्य झालं.

"भाईसाहब," मी समोरच्या माणसाला म्हटलं, "आवाज़ बंद कर लीजिए."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तकलीफ़ है?"

"हाँ," मी म्हटलं. "बहुत."

त्याने फोन बंद केला. काकांनी खिडकीतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी सुटायची वेळ झाली म्हणून मी खाली उतरले.