मैसूरच्या स्टँडवर आलेला डबा

आधीच सांगतो, आमच्या घरात देव नाही. आजोबांनीच देव्हारा काढून टाकला, त्या कोनाड्यात आता चहा-साखरेच्या बरण्या असतात. जिथं देवाला जागा नाही तिथं भूत कुठून येणार... लहानपणी कुणी चिंचेखालच्या बाईचं सांगायला लागलं की बाबा म्हणायचे, "मला भेटव, मी तिला ब्लाऊज शिवून देतो." बाबा टेलर आहेत. मीही तसाच वाढलो, वर बॉटनी शिकलो. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना मजा म्हणून वाचायचो आणि "ताई, झोप पूर्ण करा" अशा कमेंटी टाकायचो. तेव्हा माझ्या खाली तशी कमेंट आली तर मला बोलायला तोंड नाही. पण टाकण्याआधी पूर्ण वाचा, एवढंच.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरीच्या जवळ, नांदेड रोडला लागून. गावात बस येत नाही, फाट्यावर थांबते. बाबांची शिलाई मशीन कळमनुरीच्या बाजारात. आई मी पहिलीत असताना गेली. तेव्हा माझी मोठी बहीण, आक्का, दहावीला होती. सुजाता नाव तिचं, पण घरात आणि गावात सगळ्यांची आक्काच. तिला नर्सिंगला जायचं होतं. ती चुलीपुढं बसली ती बसलीच. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "हे लेकरू हाताखालून जाऊ द्या मंग बघू." लेकरू म्हणजे मी.

बी.एस्सी. मी नांदेडला केली, खोली घेऊन. आमच्या मराठवाड्यात शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं जातात हे बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आई-बहिणी सकाळी डबा बांधून फाट्यावर उभ्या राहतात, ड्रायव्हरकडे देतात, पोरगं नांदेडच्या स्टँडवर घ्यायला जातं. बस लागली की ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून गावाचं नाव पुकारतो, आमच्या फाट्याचं म्हणजे कळमनुरीचं. रिकामा डबा त्याच बसनं परत. तीन वर्षं माझं जेवण असं आलं. आमच्या बसचे ड्रायव्हर हिंगोलीचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. बाळापूर, अर्धापूर करत गाडी यायची तोवर भाकरी कोमट झालेली असायची. गरम नाही, गार नाही. ती कोमट भाकरी म्हणजेच माझ्यासाठी दुपार.

डबा आईनं आक्काच्या पहिल्या वाढदिवसाला घेतलेला, स्टीलचा, झाकणावर 'चि. सुजाता' कोरलेलं. पिशवी बाबांनी शाळेच्या युनिफॉर्मच्या उरलेल्या निळ्या कापडाची शिवलेली, बंद मात्र लाल, कारण निळं कापड पुरलं नाही. आत दोन भाकरी, भाजी, ठेचा. आणि सगळ्यांच्या खाली एक चानकी... लहान लेकरांना करतात ना तळहाताएवढी भाकर, शेवटच्या पिठाची, ती. मी वीस वर्षांचा झालो, मिशा आल्या, तरी चानकी बंद झाली नाही. मी एकदा म्हणालो, "आक्का, पोरं हसतात." तर म्हणाली, "त्यायला म्हणावं तुमच्या घरी कुणी करत न्हाई म्हणून हसून राहिले."

दुसरं एक होतं. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी स्टँडवरच्या दुकानातून दोन पेढे घेऊन धुतलेल्या डब्यात टाकायचो. ती एक खायची, आणि दुसरा दुसऱ्या दिवशी भाकरीवर ठेवलेला परत यायचा. तुझा वाटा, म्हणायची. दोन जायचे, एक परत. तीन वर्षांत यात कधी बदल झाला नाही.

मग एम.एस्सी.चं आलं. नांदेडला नंबर लागत होता, आणि मैसूरलाही लागला. मैसूरची लॅब म्हणजे आमच्या विषयात मोठी गोष्ट, सर म्हणाले डोळे मिटून जा. मी मात्र नांदेड धरून बसलो. कारणं भारी भारी देत होतो, भाषा, हवा, लांबचा प्रवास. आक्का भाकरी थापत ऐकत होती.

"खरं सांग. डब्यासाठी न्हाई म्हणून राहिला ना?"

"व्हय. मंग? तिथं तिन्ही टाइम भात असतो."

"आरं, तू शिकण्यासाठी खाऊन राहिला का खाण्यासाठी शिकून राहिला?"

बाबा हाताला लागलेलं मशीनचं तेल पुसत हसायला लागले. मला राग आला. म्हटलं, तिथं मला डबा कोण पाठवणार, तू?

"मीच पाठवीन. तू फक्त स्टँडवर उभा राह्य."

"मैसूरला आपली एसटी जात न्हाई, आक्का."

"न जाऊ दे. आजवर माझा डबा चुकला का कधी? तुला जायचं म्हणजे जायचं. मी एकदा घरी बसले, तेवढं बस झालं आपल्या घराला."

ती स्वतःबद्दल असं कधी बोलायची नाही. मैसूर पक्कं झालं.

निघायला दोन आठवडे होते आणि तिला ताप आला. डेंग्यू. कळमनुरीहून नांदेडला नेलं. पेशी कमी, कमी, कमी... मी रक्त द्यायला मित्रांना गोळा करून आणलं. चौथ्या दिवशी ती गेली. शेवटचं नीट बोलली ते एवढंच, की दवाखान्याच्या जेवणात मीठ नाही.

आमच्यात तेराव्याऐवजी जलदान विधी असतो, तो झाला. मी बाबांना म्हणालो, आता मी कुठंच जात नाही. बाबांनी कोपऱ्यातली बॅग पुढं ओढली. मग म्हणाले, "ठरवलं तिनं होतं. ते मोडायचं असलं तर तिला इचार, मला इचारू नको." आणि मान खाली घालून माझ्या प्रवासाच्या बॅगेची चेन शिवायला बसले.

मैसूर चांगलं शहर आहे हो. स्वच्छ, झाडंच झाडं, माणसं मऊ बोलणारी. पण मला सहन होईना. कानडीचा एक शब्द येत नव्हता. मेसमध्ये भाताचा ढीग पुढं आला की घास घशाखाली जायचा नाही. लॅबमध्ये काचेच्या बाटलीत रोपं वाढवतात, तुकडा कापायचा आणि दुसरीकडं लावायचा. काही जगतात, काही काळी पडतात. मी त्या काळ्या बाटल्या धुवायचो आणि वाटायचं, आपलंही हेच आहे. पँट कमरेवर राहीना. शेवटी एका सकाळी बॅग भरली. कुणाला सांगितलं नाही. बेंगलोरपर्यंत बस, तिथून नांदेडची रेल्वे, मग घर... शिक्षण गेलं उडत. स्टँडसमोरच्या मिठाईच्या दुकानातून बाबांसाठी मैसूरपाकाचं पाकीट घेतलं आणि बाकड्यावर बसलो.

दिवस होता. लख्ख ऊन. स्टँड गजबजलेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या गोष्टी अंधारातच होतात असं मलाही वाटायचं.

बेंगलोरची गाडी लागायची होती. माझ्या पुढ्यातल्या फलाटावर एक लाल बस येऊन उभी राहिली. पाटी मराठीत – हिंगोली-नांदेड. आता मला सांगा, मी दचकायला पाहिजे होतं ना? नाही दचकलो. तीन वर्षं रोज जे बघितलं ते डोळ्यांना नवीन वाटत नाही. उलट मी उठलो, सवयीनं. खिडकीतून खाकी बाहीचा हात बाहेर आला आणि आवाज आला, "कळमनुरी, डबा!"

हातात निळी पिशवी होती. लाल बंद.

मी घेतली. ड्रायव्हरचं तोंड मी बघितलं नाही, कारण ते मी नांदेडलाही कधी बघायचो नाही, नजर पिशवीवरच असायची. बाकड्यावर बसलो, उघडलं. 'चि. सुजाता'. दोन भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. खाली चानकी. भाकरीला हात लावला तर कोमट. गरम नाही, गार नाही. कळमनुरी ते नांदेड येताना होते तेवढी कोमट... आणि मी बसलो होतो कुठं, तर दीड दिवसाच्या वाटेवर.

मी जेवलो. सगळं जेवलो, भाजीचं तेल बोटानं पुसून. चानकी शेवटी खाल्ली. कितीतरी दिवसांनी पोट भरलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेजारची म्हातारी मला कानडीत काहीतरी विचारत होती. तिला वाटलं असेल ठेचा तिखट लागला. तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

नळावर डबा धुतला. मैसूरपाकाचं पाकीट फोडून दोन वड्या त्याच्या कागदात गुंडाळून आत ठेवल्या. लाल बंद बांधला. बस उभीच होती, खिडकीतल्या त्या हातात दिला. बस निघून गेली.

आणि मग ध्यानात आलं, मी मैसूरला आहे.

फोटो का नाही काढला, असं कुणीतरी विचारणारच. घरून आलेल्या डब्याचा फोटो कोण काढतं? चौकशीच्या खिडकीवर जाऊन हिंदीत विचारलं. तो माणूस म्हणाला, "महाराष्ट्रा का बस? इधर कभी नहीं आता." सीसीटीव्ही बघायला मागायचा विचार आला होता. मागितलं नाही. त्यात मी रिकामे हात तोंडाकडं नेताना दिसलो असतो तर? मला ते बघायचं नव्हतं. आजही नाही.

बाबांना फोन लावला. "बाबा, आक्काचा डबा कुठंय?"

"मांडणीवर. काहून?"

"पिशवी?"

"खिळ्याला हाय की. मला इथून दिसून राहिली. तुला काही तकलीफ हाय का बाळा? जेवला का?"

मी म्हणालो, "हो, जेवलो." बेंगलोरची गाडी लागली, भरली, गेली. मी होस्टेलवर परत आलो. पोट भरलेलं असताना घरी जाऊन बाबांना काय सांगणार होतो, उपाशी मरत होतो म्हणून?

दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो. येताना नांदेडच्या स्टँडवर मुद्दाम चाचांना गाठलं. सगळं नाही सांगितलं, सहज विचारल्यासारखं केलं. म्हणाले, "मैं तो हिंगोली-नांदेड छोडके कहीं गयाच नहीं, बेटा." मग म्हणाले, "अब भी तुम्हारे फाटे पे पाँव ब्रेक पे जाताच है. सवारी हो, ना हो."

घरी पोचलो. बाबा चहा ठेवत होते. मी मांडणीवरून डबा काढला. धूळ होती, झाकणावरची अक्षरं बुजलेली. बाबांनी तिच्यामागं त्याला हात लावलेला नव्हता. घरात दोघांपुरता स्वयंपाक राहिलाच नव्हता तर डबा कुणाला लागणार... हलवला तर आत काहीतरी सरकलं. उघडला.

कानडी अक्षरांचा कागद. त्यात मैसूरपाक. सुकून भेगा पडलेला, तुपाला खवट वास. दोन वड्या. दोन्ही.

मी तसाच हातात घेऊन उभा होतो. बाबा जवळ आले, डब्यात बघितलं. त्यांना वाटलं मीच आत्ता ठेवल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "आपल्यात गेलेल्या माणसामागं खायला ठेवत न्हाईत रे बाळा. ती काही येऊन खानार हाय का?" असं म्हणाले आणि तिथंच खाली बसून रडायला लागले. तिच्यामागं पहिल्यांदा. मला त्यांना खरं सांगता आलं नाही, अजून सांगितलेलं नाही.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. मैसूरलाच. भात खायला शिकलो. भूक, सदमा, भास... जे म्हणायचं ते म्हणा, मी स्वतःलाच सगळं म्हणून झालंय. माझ्या हाताच्या त्या दोन वड्या आमच्या मांडणीवर कशा पोचल्या, तेवढं कुणी सांगावं. खरं म्हणजे तेही राहू द्या. माझ्या डोक्यात वेगळंच फिरतंय. तीन वर्षांत तिनं तिचा वाटा कधी ठेवला नव्हता. पाठवायला ती होती, तर मग खायला काहून नव्हती?