मुद्देमालातला बुढा

ती घटना मी माझ्या निरोप समारंभात सांगितली होती, पण अर्धीच. वसाहत, हरवलेले कॅमेरे, चुकीची खबर आणि शेवटी सगळं सुखरूप. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेलं अर्धं सांगायची तेव्हा हिंमत झाली नाही. आता अकोल्यात जठारपेठेतल्या घरी बसून वेळच वेळ आहे, म्हणून लिहितो. नाव मात्र कुणाचंच देत नाही.

अकोला जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आधीची काही वर्षं गडचिरोलीत काढून आलो होतो. आमच्या हद्दीत एक कोरकू वसाहत होती. या लोकांचं जुनं गाव वर डोंगरात, अमरावती जिल्ह्यातल्या व्याघ्र प्रकल्पाच्या आत. तिथून उठवून त्यांना खाली सपाटीवर, एका मोठ्या गावाच्या गायरानात वसवलं होतं. सरळ रस्ते, नळ, सोलरचे दिवे, रंगवलेली अंगणवाडी. वरून कुणी पाहुणे आले की आम्ही त्यांना ही वसाहत दाखवायला न्यायचो. वसाहतीतले पुरुष मात्र अधूनमधून दोन-चार दिवस दिसेनासे व्हायचे. कुठे गेले विचारलं की बायका एकच शब्द बोलायच्या, "कामाले."

खबर आणली ती त्या मोठ्या गावच्या माजी सरपंचांनी. मोठा प्रेमळ माणूस. त्यांच्या घरून ठाण्यात भाकरी आणि ठेचा यायचा. खुर्ची जवळ ओढून ते म्हणाले, "साहेब, मले काई घेनं-देनं नाही. पन ते मानसं पहाटे पहाटे डोंगरावर जाऊन राहिले. संगं काईतरी लांब आहे, कपड्यात गुंडाळेल. तुमी गडचिरोली पाह्यली, तुमाले काय सांगाव?"

त्याच आठवड्यात वनखात्याची तक्रार आली; संशय वसाहतीवर, म्हणून आमच्या ठाण्यात. वाघांच्या पाहणीसाठी जुन्या गावाजवळ लावलेले तीन कॅमेरे नाहीसे झाले होते. थोडं दूर, एका झाडावरचा चौथा शिल्लक होता. त्याच्यातला फोटो वनाधिकाऱ्यांनी टेबलावर ठेवला. चार माणसं, खांद्यांवर कुऱ्हाडी, आणि चौघांच्या मध्ये लुगड्यात गुंडाळलेली पुरुषभर लांबीची वस्तू.

गडचिरोलीत असा फोटो हाती आला असता तर त्याचा एकच अर्थ झाला असता. मी तोच अर्थ इथे लावला. वरिष्ठांना अहवाल गेला. त्यात मी लिहिलं: 'शस्त्र अथवा शस्त्रसदृश लांब वस्तू. बाहेरच्या घटकांचा वावर नाकारता येत नाही.' माझ्या हुशारीचं जिल्ह्याला कौतुक वाटलं. मलाही वाटलं.

चौघांपैकी एकाचाच चेहरा फोटोत स्पष्ट होता. चाळिशीचा माणूस, रोपवाटिकेत मजुरीला जाणारा, वडील आदल्या वर्षी वारलेले. कॅमेऱ्यांच्या चोरीत त्याला अटक करून कोठडी घेतली.

"कपड्यात काय होतं?"

"लाकूड."

"कशाचं लाकूड?"

"घराचं."

"घर खाली आहे. लाकूड वर कशाला नेलं?"

गप्प.

"कुणाकडे नेलं?"

त्याने पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर ग्लास विसळून ठेवला आणि पुन्हा भिंतीला टेकून बसला.

मी त्याला हात लावला नाही. हे लोकांना सांगताना मला नेहमी बरं वाटायचं. पण मी त्याला म्हणालो होतो, "तुमच्या वसाहतीवर एकदा नक्षलवाद्यांचा शिक्का बसला ना, तर तुमच्या पोरांना पोलीस भरती सोडा, कुणी रेशन दुकानात हमालीलाही उभं करणार नाही." तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलला, "साहेब, तो मानूस म्हातारा आहे. त्याले तिथून काढान तुमी." 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई ठाण्यात आली. वाळलेल्या चिंचेच्या शेंगेसारखी बाई. लहान-मोठ्या सगळ्यांना ती 'तू' म्हणायची, नंतर न्यायाधीशांनाही म्हणाली. पहाऱ्यावरच्या शिपायाला बाजूला सारून सरळ माझ्या टेबलाशी आली.

"पोरगा काहून धरला?"

"मावशी, तो काही सांगत नाही."

"तो नाही सांगनार. त्याच्या बापावर गेला. मी सांगतो. पन बनवनाऱ्या म्हाताऱ्याले हात नाही लावाचा. बोल."

"काय बनवणारा?"

"माहा बुढा बनवनारा," ती म्हणाली. मला अजिबात समजलं नाही हे तिला समजलं, आणि ती हसली. "चाल, दाखवतो."

डोंगर दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तिकडच्या ठाण्याला कळवलं, वनखात्याचा एक माणूस आणि पंच घेतले आणि निघालो. चढणीवर आम्ही धापा टाकत होतो आणि ती पुढे उभी राहून विचारत होती, "सरकार पगार देते ना रे तुमाले? मंग खात नाही काय?"

जुन्या गावाची जोती तेवढी उरली होती. गावाबाहेर एका मोठ्या झाडाखाली सागाचे कोरलेले खांब एका ओळीत उभे होते. काही इतके जुने की वरची नक्षी पावसाने पुसलेली. कोरकू त्यांना मुंडा म्हणतात. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाचा मुंडा कोरतात आणि सिडोलीचा विधी करून तो पूर्वजांच्या ओळीत रोवतात. तोवर गेलेला माणूस आपल्या लोकांत पोचलेला नसतो. ऐपत जमेपर्यंत, पाहुणे जमेपर्यंत वर्ष-दोन वर्षंही जातात, पण सिडोली चुकवत नाहीत.

झाडापलीकडे पळसाच्या पानांची एक झोपडी होती. तिच्यात तो म्हातारा, म्हणजे कोरणारा. सगळं गाव खाली गेलं तेव्हा तोही गेला होता. ओळ एकटी राहिली म्हणून परत आला होता. तिन्ही कॅमेरे त्याच्या टोपलीत पानांत नीट गुंडाळलेले. वाघाच्या येण्याजाण्याची वाट तिथूनच जात होती, म्हणून कॅमेरे लावणाऱ्याने ते सरळ मुंड्यांनाच पट्ट्याने आवळले होते.

"देवाच्या गळ्याले पट्टा काहून बांधला?" म्हाताऱ्याने वनखात्याच्या माणसाला विचारलं. "आमी तुया बापाच्या फोटोले बांधला काय?"

वनखात्याचा माणूस म्हणाला, "बाबा, मले वाटलं, खुंट आहेत."

आणि फोटोतली ती लांब वस्तू झोपडीत आडवी होती. जुन्या घराचा मधला खांब. घर सोडताना लाकूड नेण्याची परवानगी होती, म्हणून तो ट्रकमधून खाली आला होता. घराचा मालक, म्हणजे मावशीचा नवरा, गेल्यावर मुलाने कोरून घ्यायला तोच परत वर आणला. सूर्य कोरून झाला होता, चंद्र झाला होता आणि घोड्यावर बसलेला एक माणूस. टोपी जरा तिरकी. मावशी खाली बसली, त्या टोपीवर बोट फिरवत म्हणाली, "अस्साच घालत होता."

इथे मला थांबता आलं असतं. पंचनाम्यात त्या म्हाताऱ्याचा मी उल्लेख केला नाही, मावशीची तेवढी अट पाळली. पण फोटोतली वस्तू मिळाली आहे आणि ती जप्त केली नाही, असं वर कसं कळवणार? मी खांब जप्त केला. तांब्याच्या तारेने लेबल बांधलं, लाखेचं सील केलं, सही केली.

"त्याले कुठी नेतं?" मावशीने विचारलं.

"ठाण्यात."

"कवा देशीन?"

"कोर्ट सांगेल तेव्हा."

तिने खांबावरचा भुसा पदराने पुसला. मग म्हणाली, "मंग उभा ठेवजो. आडवा नको ठेवू."

मुलाला जामीन मिळाला. बाप मालखान्यात गेला.

मुद्देमाल सांभाळणारे आमचे हवालदार बौद्ध घरातले, नवसा-भुताच्या गोष्टींची टर उडवणारे. त्यांनी खांब कोपऱ्यात उभा केला, खालून दोन विटांचा टेकू दिला आणि मला म्हणाले, "साहेब, आपला ठाणे अंमलदार वाढला एक. हा झोपत बी नाही." मावशी दर बाजाराच्या दिवशी यायची. नियमाप्रमाणे तिला आत घेता येत नव्हतं, म्हणून हवालदारांनी मालखान्याच्या जाळीच्या दारासमोर तिच्यासाठी एक खुर्ची कायमची ठेवली. ती खुर्चीत कधी बसली नाही. पिशवी खुर्चीवर ठेवायची आणि स्वतः जमिनीवर बसायची. मग नवऱ्याशी कोरकूत बोलायची. बकरी व्यायली, नातवाचं नाव शाळेत घातलं, नळाला दोन दिवस पाणी नाही. हवालदारांनी विचारलं की मराठीत सांगायची. पाण्याची तक्रार त्यांनी एकदा ग्रामसेवकालाही फोन करून सांगितली.

एकदा एका धाडीतले हातभट्टीचे कॅन खांबाशेजारीच रचले गेले. तिला वाईट वाटेल म्हणून हवालदार घाईने हलवायला लागले. मावशी जाळीतून ओरडली, "राहू दे, राहू दे! बुढ्याले सोबत झाली!" ठाण्यातला एकूण एक माणूस हसला. कोठडीतला आरोपीसुद्धा.

आता ते उरलेलं अर्धं.

मुलाने खांब परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज केला. कोर्टाने आमचं म्हणणं मागवलं. 'हरकत नाही' एवढं लिहिलं असतं तर खांब त्या आठवड्यात घरी गेला असता. मला तोवर सगळं ठाऊक झालं होतं. मुंडा काय ते ठाऊक होतं. खबरेमागचं राजकारणही कळलं होतं: गायरान गेल्याने मोठ्या गावाची जनावरं चराईविना राहिली होती आणि वसाहतीची मतं पंचायतीत आल्याने सरपंचांच्या गटाचं गणित बिघडणार होतं. मी त्यांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "खोटं कुठी बोललो, साहेब? मानसं जात होते का नाही? लांब होतं का नाही? काय आहे ते तुमी ठरवलं." 

तरीही मी लिहून दिलं: 'तपास अपूर्ण. परत देण्यास हरकत आहे.' कारण खांब परत देणं म्हणजे 'शस्त्रसदृश वस्तू' हा एका मजुराच्या बापाचा मुंडा होता, हे माझ्या सहीने वरिष्ठांना कळवणं. पुढच्या आढावा बैठकीनंतर कळवू, असं मी स्वतःला सांगत राहिलो. आढावे झाले. पोळा झाला. सिडोलीसाठी राखलेले बोकड त्यांनी विकले आणि दुसरे वाढवायला घेतले. बाजाराच्या दिवशी येताना मावशी माझ्या खोलीत डोकवायची, "झालं काय रे तुयं?" मी म्हणायचो, "होईल, मावशी." ती म्हणायची, "मी बसली आहे."

मग एका बाजाराला ती आली नाही. पुढच्यालाही नाही. त्यानंतर मुलगा आला. माझ्याकडे न येता आधी हवालदारांकडे गेला.

"माय आता नाही येनार," तो म्हणाला. "थंडीतापानं गेली. तिनं सांगतलं, हवालदाराले सांगजो, खुर्ची कोनाले बी दे."

हवालदार त्या खुर्चीकडे पाहत राहिले. मग माझ्या खोलीत आले, दार लोटलं आणि म्हणाले, "साहेब, तीस वर्षं मुद्देमाल सांभाळला. चोरीचा माल ठेवला, खुनाचा ठेवला. कोनाचा नवरा नव्हता ठेवला." एवढंच. सॅल्यूट करून गेले.

त्याच दिवशी मी गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचा अहवाल कोर्टाला पाठवला आणि खांब देण्यास हरकत नसल्याचं लिहिलं. वरून ठपका आला. दोन ओळींचा होता. इतके महिने मी त्या दोन ओळींना भीत होतो.

सुपुर्तनाम्यावर मुलाची सही घेताना अटी वाचून दाखवाव्या लागतात. वस्तूत फेरफार करायचा नाही, लेबल व सील काढायचं नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. तो ऐकत होता. म्हणाला, "हजर म्हंजे? रोवल्यावर बापाले उपटून आनू काय?" हवालदार म्हणाले, "तू सही कर. कोर्टाले मी पाहतो."

सिडोली जुन्या ठिकाणीच, ओळीतच व्हावी म्हणून मी वनखात्याच्या कचेरीत चकरा मारल्या. एका दिवसाची परवानगी मिळाली आणि त्या झाडापासून कॅमेरे कायमचे हलले. कोरणाऱ्या म्हाताऱ्याचं मात्र त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. पाहुण्यांना पायथ्यापर्यंत आणायला ट्रॅक्टर हवा होता. तो माजी सरपंचांनी पाठवला, स्वतः चालवत आणला. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "असं काहून पाहता? मतं लागतात ना, साहेब."

सेवेत असताना मी तरुण अधिकाऱ्यांना सांगायचो की नव्या भागात गेलात की आधी तिथली माणसं समजून घ्या. हे वाक्य सोपं आहे. मला ती माणसं समजली होती. मावशी तर माझ्या ठाण्यातच बसून मला समजावत होती. समजल्यावर आपल्याच कागदातलं एक वाक्य खोडावं लागतं, आणि माझा हात तिथे अडला. वसाहतीला नळ दिले, दिवे दिले, याचे फोटो आम्ही काढले. त्यांचा एक माणूस मात्र आमच्या कुलपात होता.

ढोल वाजत होते. खड्डा तयार होता. खांब उभा करताना मी जवळ गेलो आणि थबकलो. घोडेस्वाराच्या मागे, त्याच घोड्यावर, आता एक बाई बसलेली होती. लाकूड तिथे ताजं, पिवळसर दिसत होतं. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"फेरफार करायचा नाही, असं लिहून घेतलं होतं, बाबा."

"फेरफार कुठी केला?" तो म्हणाला. "बायको त्याचीच आहे."

लेबल मात्र तसंच होतं, तारेने खांबाच्या गळ्याशी बांधलेलं. गुन्हा क्रमांक, लाखेचं सील, खाली माझी सही. मी खिशातला चाकू काढून तार तोडायला गेलो. मुलाने माझा हात धरला.

"नका तोडू, साहेब. मी सही केली आहे. लेबल काढाचं नाही म्हनून."

"केस संपली रे."

"संपली तं संपली. सही केली ना."

मग बायका पुढे आल्या आणि मुंड्याला हळद लावू लागल्या. सूर्याला लावली, चंद्राला, घोड्याला, दोघांना. त्याच हाताने लेबलालाही लावली.