रविवारची होडी

चर्चमधली मिस्सा झाली, जेवणं झाली, आणि कार्मेलबाय ओटीवर चटई टाकून आडवी होते. डोळा लागतो न लागतो, तोच तिचा लेक जोकिम उंबऱ्यात येऊन उभा राहतो.

"आई, चारला होडी काढू ना? पिकनिकवाले पलीकडे खोळंबलेत. तू नको म्हणालीस तर नाही काढणार."

"जरा पडू दे रे बाबा. उठल्यावर सांगते."

आजोबा-पणजोबांपासून या बेटावरून रविवारी होडी सुटली नव्हती. गेल्या महिन्यात तिघांनी काढली, आणि आभाळ काही कोसळलं नाही. फादरसुद्धा आता त्यावर बोलत नाहीत. आज धक्क्यावर बांधलेली होडी एकट्या जोकिमची. 'आईने घरी बसवलाय,' म्हणून पोरं त्याला चिडवतात. ऐकून ऐकून कार्मेलबायचे कान किटलेत. काढ म्हणावं एकदाचं, असं मनाशी म्हणत ती कूस बदलते.

कूस बदलते ती थेट चर्चच्या भिंतीशी. भिंतीला सगळ्या होड्यांची सुकाणू टेकवून ठेवलीत, पूर्वी शनिवारी संध्याकाळी ठेवत तशी. सुकाणूच नाही तर होडी जाते कुठे? सोमवारी पहाटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्या सुकाणूंच्या सावलीत बस्त्याव बसलाय, तिचा नवरा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, पण बंडी तीच, खांद्यावर उसवलेली.

"जेवलास का रे?" तिच्या तोंडून पहिलं हेच निघतं.

"तू वाढलंस कुठे गो!"

ती वाढायला वळते, तर समोर तिची चूल. पायाखालची जमीन होडीसारखी डुलतेय, फळ्यांच्या फटींतून पाणी दिसतंय. तिला त्याचं काही वाटत नाही. भात तेवढा सांडू नये म्हणून ती टोप धरून ठेवते.

"जोकिम विचारतोय रविवारी जाऊ का," ती म्हणते. "देव कोपेल का रे?"

"देवाचं मला काय विचारतेस? मला अजून भेटला नाही." बस्त्याव हसत नाही. "हात दे इकडे."

तो तिचा उजवा तळवा उजेडाकडे धरतो. अंगठ्याखाली शिंगाळ्याचा काटा रुतलाय, भोवती लाल झालंय.

"कधीचा हा?"

"मंगळवारचा. मासळी साफ करताना घुसला."

"पोराला दाखवलास नाही?"

"कधी दाखवू? पहाटे जातो, काळोखात येतो. जेवतानाच पेंगतो."

बस्त्याव सुई काढतो. दर रविवारी तो असाच बसायचा, तिचे आठवड्याचे काटे काढत. दोघांची भांडणंसुद्धा रविवारीच व्हायची. बाकीचे सहा दिवस भांडायला माणूस घरी असायला नको?

"सुकाणू तू देवासाठी ठेवायचास ना रे?"

"फादरला तसं वाटायचं. मला घरी बसायचं असायचं, तुझ्याजवळ. नाहीतर दर्याने तोही दिवस नेला असता."

कार्मेलबायला रडू फुटतं. हे मेल्याने जिवंतपणी एकदा सांगितलं असतं तर!

"मग मी नको म्हणते त्याला."

"म्हण. पण लवकर म्हण गो."

सुई खोल जाते. ती कळवळून ओरडते आणि उठून बसते.

ऊन ओटीवरून उतरलंय. उशाशी चहा झाकून ठेवलाय, पार गार. पोराच्या जिवावर आलं असणार तिला उठवायचं. धक्क्याकडून इंजिनाचा आवाज येतोय.

"जोकिम! अरे, नको जाऊस!"

ती दारात धावते. होडी खाडीच्या मध्यावर पोचलीय आणि वारा उलटा आहे. जोकिम मागे वळून बघत नाही.

तळव्यात चुरचुरतं म्हणून ती मूठ उघडते. काटा बाहेर पडलाय, टोकाला रक्त लागलेला.

"बघ रे, निघाला," ती हात पुढे करून घरात वळते.

घरात कुणी नाही. आणि रविवार आहे.