स्वच्छ खिसा

"आज खिसा कसा काय स्वच्छ?" बायकोने कालचा शर्ट बादलीत टाकता टाकता विचारलं. "म्हातारपणी शहाणपण सुचलं वाटतं, अहो!"

मिस्त्रीच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

तीस वर्षं तो डिझेल इंजिनांचे हीटर प्लग तपासत आला होता. थंड इंजिनाला आधी ऊब देणारे हे बोटाएवढे चार प्लग, आणि चौघांना वीज पोचवणारी एक पट्टी. ती पट्टी आधी सोडवायची. मग मीटरची एक तार प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. एक ओहमच्या आसपास आकडा आला की प्लग जिवंत. पट्टी न काढता मोजलं, तर मेलेल्याच्या नावाने बाकीचे तिघे हजेरी लावतात आणि मीटर बिचारा ती मांडून घेतो. पट्टीचे चार नट हरवू नयेत म्हणून तो ते शर्टाच्या खिशात टाकायचा. खिसा काळा, बायकोची बोलणी ठरलेली.

काल त्याने एकच गाडी तपासली होती. डायालिसिसच्या पेशंटना नेणारी. परवा थंडीत ती सुरूच झाली नाही. फेरी चुकली आणि त्याच्या थोरल्या बहिणीचे पाय सुजून खांब झाले. "चारही ठणठणीत, बॅटरीच थकली असेल," असं त्याने ड्रायव्हरला सांगितलं होतं.

पट्टी काढली होती का? पाना हातात घेतलेला आठवत होता. पण तो काल, की आणखी कधी? इतक्या वर्षांचे सगळे पाने एकच झाले होते.

मीटर आणि एक नवा प्लग घेऊन तो त्या गाडीकडे धावत सुटला. कोपऱ्यावरूनच स्टार्टरचं रडणं ऐकू आलं.

"थांब! बॅटरी उतरवशील!"

"काल चारही ठणठणीत होते ना, मिस्त्री?" ड्रायव्हर म्हणाला. "रात्रीत कुणाला पडसं झालं?"

"पट्टी काढलीच नव्हती मी. माझं चुकलं."

मागच्या सीटवरून ताई धापा टाकत म्हणाली, "आधी सांगायचं आणि मग मोजायचं! लहानपणची खोड तुझी."

त्याने नट खिशात टाकले. पहिला प्लग, शून्य पूर्णांक नऊ. दुसरा, शून्य पूर्णांक आठ. तिसऱ्यावर आकडाच उमटेना. आतली तार तुटलेली. चौथा बरा.

तिसरा जागेवर गच्च बसला होता. आत मोडला असता तर इंजिन खोलावं लागलं असतं, दोन दिवस. ताईकडे दोन दिवस नव्हते. त्याने पाना केसभर फिरवला, थांबला, पुन्हा केसभर. लोखंड कुरकुरलं. मागून ताईचा श्वास ऐकू येत होता.

प्लग सुटला. नवा मोजून बसवला. गाडीने दोनदा ठसका दिला, पांढरा धूर ओकला आणि ती चालू झाली.

घरी बायकोने काळा खिसा पाहून तोंड सुरू केलं. त्याने ते पुरतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मागच्या आठवड्यात खिसे कसे होते?"

त्या आठवड्यात त्याने पाच गाड्या ठणठणीत म्हणून पाठवल्या होत्या.

"मी काय रोज बघते?" ती म्हणाली. "सवयीने ओरडते."