हार घातलेला फोटो

सेटवर चंदनाच्या हाराचा वास आला की मला वरवट बकाल गावातलं आमचं घर आठवतं. निर्मात्याशी भांडलो म्हणून त्यानं मालिकेत मला मारून टाकलं होतं. मी गावी परतलो होतो; तो भाग लागला त्या संध्याकाळी टीव्हीवर माझा हार घातलेला फोटो दिसला, आणि समोर घरच्यांत मी जिवंत बसलेला. काका म्हणाले, “संपलं बे तुह्यं. आता वावर पाह्य.” आई उठली, कुंकवाचं ताट घेऊन आली, मला पाटावर बसवून टीव्हीतल्या त्या फोटोसमोरच ओवाळलं आणि काकांना म्हणाली, “माह्यं लेकरू जितं हाय. उद्या मुंबईले जाईल थे.” गेलो. त्यानंतर पडद्यावर पुष्कळदा मेलो. अजूनही माझ्या फोटोला हार चढवत असतात, तेव्हा मी बाजूला उभा राहून पुढच्या कामासाठी फोन लावतो.