आज मी दारापर्यंत ऑटो नेला

मित्रमैत्रिणींनो, तीन वर्षं मी आमच्या वस्तीलगतच्या नव्या फ्लॅट्सच्या गेटपाशी ऑटोतून उतरून मागच्या बोळीतून घरी जात होते. वस्तीचं नाव खराब आहे म्हणून. ऑफिसातल्यांना वाटायचं, मी त्या फ्लॅट्समध्येच राहते.

आज सोबत ऑफिसातली मैत्रीण होती. गेट आलं. मी म्हटलं, “भैया, आगे बस्ती में लो.”

“वहां शरीफ लोग नहीं जाते, मॅडम.”

“मैं वहीं रहती हूं.”

सोबत मैत्रीण बघून दारात आई घाबरली. “ऑटो इथंवर काऊन आणला?”

याच घराच्या भिंतीवर तिनं मला खडूनं अक्षरं शिकवली. वस्ती पाडून सरकारी फ्लॅट झाले की तुम्हाला इज्जत येईल, असं लोक सांगतात. मी तोवर थांबणार नाही.

तुम्ही कुठे उतरता?