चिनी पोलिसांच्या लेखी मालती रेगे निर्दोष

मंगळवार, १४ ऑक्टोबर २००८, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. जर्मनीत, ब्राउनश्वाइगमधल्या एका व्हिसा सल्लागाराच्या ऑफिसात मला अत्यंत शांतपणे सांगण्यात आलं, की माझ्या ओळखीबद्दल संशय आहे... संशय! माझ्याबद्दल!

आधी थोडं सांगते. जावयांना पर्थला नोकरी लागली, म्हणून लेक मुग्धा, जावई, नात रेवा आणि मी असे चौघंही आता कायमचे ऑस्ट्रेलियाला निघालोय. माझा कागद अडला तर ते तिघं विमानात आणि मी पुण्यातल्या बंद फ्लॅटचं कुलूप उघडत एकटी.

जर्मनीच्या आधी आम्ही दीड वर्ष चीनमध्ये, सुजौला होतो. त्यामुळे तिथल्या पोलिसांचा 'हिने गुन्हा केलेला नाही' असा दाखला हवा, आणि तोही तिथल्या नोटरीकडून नोटराइज केलेला. ठीक आहे, नियम म्हणजे नियम. हॅम्बुर्गच्या चिनी वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र केलं, सुजौच्या आमच्या शेजारीण लिनबाईंना पाठवलं. त्यांनी दाखला काढून कुरियरसुद्धा केला.

पण व्हिसाच्या अर्जात एक रकाना होता, 'याआधी दुसरं नाव होतं का?' मी कॉन्व्हेंटमधली. रकाना रिकामा सोडणं हेही खोटं बोलणंच, असं सिस्टरनी टेबलावर पट्टी आपटून शिकवलेलं. मी ठळक अक्षरात लिहिलं, मालती रेगे.

झालं! सल्लागारसाहेबांनी दाखल्यावर बोट ठेवलं. यात फक्त सुलभा कर्णिक आहे. मालती रेगेचं काय?

मी समजावलं, की आमच्यात लग्नात मुलीचं आडनावच काय, नावसुद्धा बदलायचे. ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुलभा' लिहिलं आणि मालती मांडवातच संपली. ती चीनला गेलीच नाही हो!

"गेनाऊ," साहेब म्हणाले, म्हणजे 'अगदी बरोबर'. "मग ती गेली नव्हती, हे चिनी पोलिसांकडून लिहून आणा."

घरी आल्यावर रेवाने जर्मनमध्ये विचारलं, "आजी, तू बँक लुटलीस का?" मी म्हटलं, अजून तरी नाही, पण आज विचार आला होता.

रविवारी मुग्धाने लिनबाईंना फोन लावला, स्पीकरवर. मुग्धाला चिनी छान येतं. लिनबाईंची नि माझी मैत्री मात्र बिनभाषेची... रोज संध्याकाळी कॉलनीतल्या बायकांबरोबर आम्ही चौकात नाचायचो, त्या पुढे आणि मी त्यांचे पाय बघत मागे.

मुग्धाने सगळं सांगितलं. मग बाई अशा कडाडल्या, की मुग्धाला हसू आवरून भाषांतर करणं कठीण झालं.

"लग्न झालं म्हणून नाव काढून घेतलं? आणि तू दिलंस? आमच्याकडे बाई मरेपर्यंत स्वतःचंच नाव लावते!"

"मला कोणी विचारलं होतं?" मी म्हटलं.

"बरं, मग मी विचारते. तुला कुठलं आवडतं?"

तुम्ही मला ओळखता. माझी जीभ सहसा अडत नाही. त्या दिवशी अडली... आई गेल्यापासून मला मालती म्हणून कोणी हाक मारलेली नाही. मुग्धा माझ्याकडे बघत राहिली, जणू घरात कोणी नवीन बाई आली आहे.

"दोन्ही," मी शेवटी म्हटलं. "पण मालती आधी."

मग माझ्या लग्नाच्या दाखल्याचं चिनी भाषांतर, नवं मुखत्यारपत्र, पुन्हा हॅम्बुर्ग. लिनबाई आधी पोलीस चौकीत गेल्या, मग नोटरीकडे. आधीचं नाव आधी का लिहायचं, यावरून त्यांनी नोटरीशी यथेच्छ वाद घातला म्हणे. मुग्धाला फोनवर सांगताना बाई भलत्याच खूश होत्या.

काल कुरियर आला. लाल शिक्का, कडक कागद, सोबत इंग्रजी भाषांतर. मालती रेगे, लग्नानंतरचं नाव सुलभा कर्णिक, एकच व्यक्ती, दोन्ही नावांवर एकही गुन्हा नाही!

मी तो कागद तीनदा मोठ्यांदा वाचला. मुग्धाने शिरा केला. रेवा सकाळपासून "मालती आजी, मालती आजी" करत घरभर फिरतेय, आणि मी प्रत्येक हाकेला ओ देतेय... गरज नसताना.

आज सल्लागारसाहेबांचा फोन आला. "आल्झो, तर मग, आता सगळं बरोबर आहे." चौघांची फाइल पुढे गेली. लिनबाई, तुम्हाला हे वाचता येणार नाही, पण हा आनंद तुमचा आहे. पर्थला घर लागलं की पहिल्या पाहुण्या तुम्ही.

साहेबांनी दिलगिरीचा मात्र एक शब्द काढला नाही. म्हणून मी त्यांना आजच रजिस्टर्ड पत्र टाकलंय. संशय मागे घेतल्याचं लेखी उत्तर शुक्रवार, १२ डिसेंबर, दुपारी बारापर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. पाकिटावर कुठलंही नाव घाला, साहेब. पोस्टमनकडे मी दोन्ही नावांनी सही करून घेईन.